जळगाव की धुळे? बरोबरीच्या दोन संघांचा सामना पाहण्यापूर्वी

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला जात आहे : सामन्याच्या दिवशी मी कोणत्या बाजूला बसणार? माझी पुतणी जळगाव विभागाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात आहे आणि भाची धुळे विभागाच्या. एकीचा मी काका, दुसरीचा मामा. घरात आम्ही मारवाडी बोलतो, त्यामुळे माझी आई एकीची दादी आहे आणि दुसरीची नानी. तिने आपल्यापुरता निकाल केव्हाच देऊन टाकला आहे. मैदानाच्या ज्या बाजूला सावली असेल त्या बाजूला ती बसणार. मला मात्र इतक्या सहज सुटका नाही. कारण तरुणपणी मी हा खेळ खेळलो आहे, आणि खेळलेल्या माणसाला तटस्थपणे बसता येत नाही.

ज्या वाचकांच्या घरी चेंडू म्हणजे केवळ क्रिकेटचाच, त्यांच्यासाठी प्रथम या सामन्याची पार्श्वभूमी सांगतो. आपले कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत, परंतु क्रीडास्पर्धांसाठी विभाग चार : जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार. आधी प्रत्येक विभागातील महाविद्यालये आपसांत खेळतात, त्यातून विभागाचा संघ निवडला जातो, आणि मग हे विभाग एकमेकांसमोर उभे राहतात. याला आंतरविभागीय स्पर्धा म्हणतात. एरंडोल आणि नंदुरबार यांना कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही. पण यंदा दोन्ही गावांत सराव पाहिलेल्या माझ्यासारख्याचे मत विचाराल, तर मुलींच्या गटात खरी चुरस जळगाव आणि धुळे यांच्यात होईल, आणि ती शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत टिकेल.

जळगाव आणि धुळे यांची चुरस बास्केटबॉलने सुरू केलेली नाही. १९०६ सालापर्यंत सगळा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्यालय धुळे होते. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि पूर्व खानदेशचा कारभार जळगावला आला. मुंबईहून भुसावळकडे जाणारा हमरस्त्यासारखा लोहमार्ग जळगावातून गेला. धुळ्याच्या वाट्याला चाळीसगावहून निघणारा फाटा आला. पुढे विद्यापीठही जळगावजवळ गिरणेच्या पलीकडे बांभोरीला उभे राहिले. धुळेकर हे सगळे मनात ठेवून आहेत असे मी म्हणणार नाही, पण माझे मेहुणे जेवताना या विषयावर येतात, आणि ते धुळ्याचे आहेत. दोन गावांत अंतर सुमारे ९० किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा करत मोटार दोन तासांत पोचते. दोन्हीकडच्या पेढ्यांत सोयरीक आहे, उधारी आहे. इतक्या जवळच्या माणसांशी हरणे फार जड जाते.

आता संघांविषयी. जळगावच्या मुली उंचीने बेताच्या, पण पायांना चपळ. चेंडू हाती आला की तीन पासांत समोरच्या रिंगखाली. धुळ्याकडे दोन उंच मुली आहेत. त्या रिंगखाली उभ्या राहिल्या की आत घुसणे कठीण होते आणि बोर्डवरून उसळलेला चेंडू बहुधा त्यांच्याच हाती जातो. धुळ्याच्या मुली घाई करत नाहीत. नियमाप्रमाणे चेंडू मिळाल्यापासून २४ सेकंदांत तो रिंगकडे टाकावाच लागतो. धुळ्याच्या मुली त्यातील वीस सेकंद शांतपणे वापरतात. हुंडी मुदतीच्या दिवशीच वटवणारे जुने शेठजी असत, तसा हा खेळ. जळगावला सामना वेगाने व्हायला हवा आहे आणि धुळ्याला संथ. त्यामुळे पहिली पाच मिनिटे गुणफलकाकडे पाहू नका, वेगाकडे पाहा. दोन्हीकडून धावपळ दिसली तर जळगावच्या मनासारखे चालले आहे असे समजावे. धुळ्याची बचावफळी रिंगभोवती जमून उभी राहू लागली आणि जळगावच्या मुली बाहेरच्या बाहेर चेंडू फिरवत राहिल्या, तर सूत्रे धुळ्याच्या हाती गेली.

आमच्या दोन्ही मुली पॉइंट गार्ड आहेत. चेंडू पुढे नेणे, कोणाला द्यायचा ते ठरवणे, संघाची चाल बोटांच्या खुणेने सांगणे, हे काम या खेळाडूचे. दुकानात जो मुनीम असतो तोच मैदानावर पॉइंट गार्ड : माल त्याचा नसतो, पण त्याच्या हातून गेल्याशिवाय काही हलत नाही. पेच असा, की या दोघींनी हा खेळ एकाच ठिकाणी शिकला. आमच्या गोदामाच्या मागच्या भिंतीवर मी एक रिंग ठोकली आहे, जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट, पट्टीने मोजून. दर मे महिन्यात भाची आजोळी येई आणि डाळीची पोती रचून झाल्यावर हमाल घरी गेले की दोघी अंधार पडेपर्यंत खेळत. त्यामुळे पुतणीचा डावा हात उजव्याइतका चालत नाही, हे जगात जर कोणाला पक्के ठाऊक असेल तर ते भाचीला. आणि भाची दमली की पास देण्यापूर्वी ज्या बाजूला द्यायचा त्या बाजूला क्षणभर पाहते, हे पुतणीला. घरच्या व्हॉट्सॲप गटावर या विषयाची चर्चा करायची नाही, असा नियम आईने घातला आहे. तो पाळला जातो आहे, म्हणजे चर्चा दुसऱ्या गटावर चालते.

बरोबरीचा सामना पाहताना आपली एक चूक होते. आपण मोठ्या गोष्टी शोधतो : लांबून टाकलेला तीन गुणांचा चेंडू, हवेत झेपावून केलेला लेअप. असल्या बास्केटी दोन्हीकडून होतात आणि संघ खरोखरच समान असतील तर त्या परस्परांना छेद देतात. खाते जुळवताना आपण मोठ्या रकमा आधी तपासतो आणि फरक मात्र कुठल्या तरी किरकोळ नोंदीत सापडतो, तसेच इथे घडते. फरक फ्री थ्रोमध्ये सापडतो.

फ्री थ्रो म्हणजे काय? प्रतिस्पर्ध्याने नियमबाह्य अडवले की खेळ थांबतो. ज्या खेळाडूवर फाउल झाला ती बोर्डासमोर आखलेल्या रेषेमागे उभी राहते. तिला कोणी अडवत नाही. प्रत्येक यशस्वी फेकीचा एक गुण. मैदानावरच्या सर्व गोष्टींत ही सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत अवघड. धावताना विचार करायला वेळ नसतो. या रेषेवर भरपूर असतो. मी रोज संध्याकाळी गोदामामागे पुतणीच्या फ्री थ्रोंची नोंद जुन्या रोजमेळात करतो. पहिल्या दहांत तिचा क्वचित एखादा चुकतो. मैदानाला वीस फेऱ्या मारून आल्यानंतरच्या दहांत निम्मे बाहेर जातात. सामन्यातील निर्णायक फ्री थ्रो नेहमी दमल्यानंतरच येतात, म्हणून पहिली नोंद मी तिला दाखवत नाही, दुसरीच दाखवतो.

हा माझा छंद उगाच नाही. विद्यापीठ अगदी नवे होते तेव्हा मीही जळगावच्या संघात होतो. तेव्हा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असे आणि चेंडू टाकायला ३० सेकंद मिळत. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि २४ सेकंद हे २००० सालापासूनचे. धुळ्याशीच सामना होता. एका गुणाने मागे असताना अगदी शेवटी मला दोन फ्री थ्रो मिळाले. एक चुकला असता तरी बरोबरी झाली असती. दोन्ही चुकले. परतीच्या प्रवासात पारोळ्यापर्यंत कोणी माझ्याशी बोलले नाही. पारोळ्याला चहा प्यायला उतरलो तेव्हा एका मित्राने विचारले, साखर किती? ते वाक्य मला आजही आठवते.

जगातील मोठ्या मैदानांवरही याहून वेगळे घडत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल हा घराघरांत पाहिला जाणारा खेळ आहे. तिथल्या विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आपल्या विभागांचेच मोठे रूप. नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम गावी ड्यूक विद्यापीठ आहे आणि तिथून जेमतेम १६ किलोमीटरवर चॅपेल हिल गावी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ. एरंडोलपासून पारोळ्याइतकेही अंतर नाही. दोघे एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत आणि १९२० सालापासून एकमेकांशी खेळत आले आहेत. सामन्यांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली आहे. मायकेल जॉर्डन यांपैकी नॉर्थ कॅरोलिनाचा. इतके सामने झाले, पण राष्ट्रीय स्पर्धेच्या बाद फेरीत हे दोन शेजारी शंभर वर्षांत कधी समोरासमोर आले नव्हते. ती वेळ २ एप्रिल २०२२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे उपांत्य सामन्यात आली. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की १९८० पासून त्या संघाला शिकवत होते आणि त्या मोसमानंतर निवृत्त होणार होते. हरले तर तोच त्यांचा शेवटचा सामना.

त्या सामन्यात आघाडी पुनःपुन्हा इकडून तिकडे गेली. शेवटचे मिनिट सुरू झाले तेव्हा नॉर्थ कॅरोलिना ७५ आणि ड्यूक ७४. पाऊण मिनिट उरले असता ड्यूकच्या मार्क विल्यम्सला दोन फ्री थ्रो मिळाले. सात फुटांचा हा तरुण. त्याचा हात रिंगपर्यंत सहज पोचतो. दोन्ही फेकी बाहेर गेल्या. मग केलेब लव्हने दुसऱ्या टोकाला तीन गुणांचा चेंडू टाकला आणि फरक चारचा झाला. अखेरची गुणसंख्या ८१–७७. दुसऱ्या दिवशी जगभर लव्हच्या त्या फेकीची चित्रे छापून आली. ती फेक सुंदर होतीच. पण मी तो सामना पहाटे उठून पाहत होतो, आणि विल्यम्स रेषेवर उभा राहिला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. पाहवेना.

तेव्हा जळगाव–धुळे सामन्यात एक वही जवळ ठेवा आणि दोनच रकाने आखा : मिळालेले फ्री थ्रो आणि साधलेले. समजा दोन्ही संघांना वीस-वीस मिळाले, एकीकडून चौदा साधले आणि दुसरीकडून दहा. हा चारचा फरक आहे, न्यू ऑर्लिन्सच्या सामन्याइतकाच. जागा असेल तर तिसरा रकाना फाउलांचा आखावा. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तिला उरलेला सामना बाकावर बसून पाहावा लागतो. संघाचे एका क्वार्टरमध्ये चार फाउल होऊन गेले, की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. धुळ्याच्या उंच मुलींपैकी एकीला मध्यंतरापूर्वी तीन फाउल लागले, तर धुळ्याचे प्रशिक्षक तिला बाहेर बसवतील, आणि त्या अवधीत जळगावने किती गुण केले हे पाहण्यासारखे असेल. जळगावचे कच्चे अंग उलट आहे. वेगाने खेळणाऱ्यांच्या हातून चेंडू निसटतो. पास चुकतो, पाय रेषेबाहेर पडतो, आणि एकही फेक न करता चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. याची नोंद गुणफलकावर कुठेच होत नाही.

सामना यंदा धुळ्यात आहे, उघड्या सिमेंटच्या मैदानावर. इथे धुळेकरांना एक गोष्ट अनुकूल आहे, जी शहरातील बंदिस्त सभागृहात खेळणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही : वारा. साक्रीकडच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत त्या उगीच नाहीत. दुपार कलल्यावर वारा सुटला की लांबून टाकलेला चेंडू वीतभर सरकतो, आणि रिंगचा व्यास तर जेमतेम दीड फूट. धुळ्याच्या मुलींना हे रोजचेच. त्या बोर्डाचा आधार घेऊन जवळून टाकतात. जळगावच्या प्रशिक्षकांनी शेवटचे चार दिवस लांबच्या फेकींचा सराव कमी केला आहे. मला ते पटले. दुसरी अनुकूल गोष्ट म्हणजे प्रेक्षक. जळगावकर टाळ्या वाजवतात. धुळ्याची मंडळी अहिराणीत ओरडतात. 'पय व पोरी, पय!' अशी आरोळी चारही बाजूंनी उठली की पाहुण्या संघाच्या मुलींचेही पाय आपोआप वेगाने पडू लागतात, आणि चुका होतात.

प्रेक्षकांवरून आठवले. हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधला. हिवाळ्यात मुलांना घरात कोंडून ठेवायचे तर काही तरी हवे, म्हणून त्याने पीचच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगल्या. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला आणि १८९३ च्या मार्चमध्ये मुलींचा पहिला सामना झाला. त्या सामन्याला पुरुषांना प्रवेश नव्हता. हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "चांगली पद्धत होती. तुम्ही लोक फार सल्ले देता."

आपल्या समाजातील मुलींनी मैदानावर खेळावे की नाही, हा वाद आता बहुतेक घरांत संपला आहे, निदान बोलण्यात तरी. खानदेशला तर याचे नवल नसावे. देशाच्या राष्ट्रपतिपदापर्यंत पोचलेल्या प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकत असताना टेबल टेनिसच्या नावाजलेल्या खेळाडू होत्या, आणि तो काळ साठ वर्षांहून अधिक पूर्वीचा. बास्केटबॉलमध्येच पाहायचे तर २०१७ च्या जुलैत बंगळुरूला आशियाई स्पर्धेच्या 'ब' गटाचा अंतिम सामना झाला. भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५–७३ असे हरवले. अवघ्या दोन गुणांनी! पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. तथापि वाद बोलण्यात संपला म्हणून व्यवहारात संपतो असे नाही. तो वेळापत्रकाच्या रूपाने शिल्लक राहतो : सराव संध्याकाळी असतो, स्पर्धा बाहेरगावी असतात, आणि मोसम नेमका दिवाळीच्या गर्दीआधी येतो, जेव्हा दुकानात घरच्या प्रत्येक माणसाची गरज असते.

पुतणीने यंदा चातुर्मासापुरता चौविहाराचा नियम घेतला आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. सामना दुपारी चारला आहे. चाळीस मिनिटांचा खेळ विश्रांती, टाइम-आउट आणि शिट्ट्या धरून दीड तास चालतो, म्हणजे साडेपाचला संपायला हवा. सूर्य मावळतो सव्वासहाच्या आसपास. हिशेब जमतो. परंतु या हिशेबात दोन फटी आहेत. पहिली : आपल्याकडे उद्घाटनाची भाषणे कधी वेळेत संपली आहेत? दुसरी अधिक गंभीर. बास्केटबॉलमध्ये बरोबरी मान्य नाही. गुण समान झाले तर पाच मिनिटे जादा खेळतात. पुन्हा समान झाले तर पुन्हा पाच मिनिटे. संघ जितके बरोबरीचे, तितकी ही शक्यता अधिक. मी पुतणीला विचारले, तसे झाले तर? ती म्हणाली, "मग पाण्याशिवाय खेळेन. पाच मिनिटांचेच तर आहे." प्रशिक्षकांना हे तिने आधीच सांगून ठेवले आहे, त्यांनी दुपारपासून ठरावीक अंतराने पाणी प्यायला लावायचे ठरवले आहे. मध्यंतरासाठी तिची आई केळी आणि शेंगदाण्याची चिक्की देणार आहे. रावेर-यावलकडची केळी असताना परदेशी पाकिटातील खाऊ कशाला हवा, हे तिचे मत, आणि खेळाच्या डॉक्टरांनाही त्यात वावगे दिसणार नाही. भाचीचा असा नियम नाही, पण मध्यंतरात ती जळगावच्या बाकाकडे केळ्यासाठी येणार, असे तिने आताच कळवले आहे. त्याला परवानगी मिळेल असे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसते. हा सामना फक्त विभागांचा नाही. खेळ पाहायला निवड समिती बसलेली असते, आणि स्पर्धा आटोपली की चारही विभागांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. संघात जागा बारा. तो संघ पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, आणि राज्यातील विद्यापीठांच्या 'अश्वमेध' महोत्सवातही विद्यापीठाची नावनिशाणी घेऊन खेळतो. म्हणजे त्या दिवशी एकमेकींच्या हातून चेंडू हिसकावणाऱ्या मुली काही दिवसांतच एका रंगाचे कपडे घालून एकाच गाडीत बसणार आहेत. बारा जणींत पॉइंट गार्ड दोन किंवा फार तर तीन. आमच्या दोघींनाही जागा मिळेल, असे मला मामा आणि काका या दोन्ही नात्यांनी वाटते. खेळाडू म्हणून वाटत नाही. नंदुरबारची एक मुलगी मी गेल्या वर्षी पाहिली आहे. ती दोघींपेक्षा सरस आहे.

पुतणीचे हे एम.कॉम.चे शेवटचे वर्ष. विद्यापीठाच्या संघात नाव आले तर आणखी एक प्रवास, दोन-तीन महिन्यांचा सराव. नाही आले, तर तो धुळ्याचा सामना तिचा शेवटचा. माझ्या मोठ्या बंधूंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गेल्या वर्षीच तसे सांगून ठेवले आहे. त्यांना दोष देता येत नाही. पेढीवर बसायला तीच हवी आहे, कारण हिशेबात ती माझ्याहून आणि त्यांच्याहून तरबेज आहे. लग्नाचेही बोलणे सुरू आहे. पण सहा वर्षांत त्यांनी तिचा एकही सामना पाहिलेला नाही. प्रत्येक वेळी बाजार असतो, गिऱ्हाईक असते, ट्रक यायचा असतो. भाचीचे सामने मात्र तिचे वडील, म्हणजे आमचे धुळ्याचे मेहुणे, पहिल्या रांगेत बसून पाहतात आणि पंचांशी भांडतात. पुतणीने याबद्दल कधी एक शब्द काढलेला नाही. भाचीने मात्र गेल्या मे महिन्यात गोदामामागे चेंडू टाकता टाकता तिला विचारले होते, "बाबूजी कधी येणार ग?" मी पोती मोजत होतो. उत्तर मला ऐकू आले नाही, चेंडू रिंगवर आदळल्याचा आवाज तेवढा आला.

आमची व्यवस्था अशी ठरली आहे. सकाळी दहाला दाणा बाजारातून निघायचे. मोटारीत आई, वहिनी, मी आणि केळ्यांची पाटी. एरंडोलला थांबायचे नाही, कारण तिथे आईच्या मावसबहिणी आहेत आणि थांबलो तर सामना चुकेल. धुळ्यात बहिणीकडे जेवण, तीनला मैदान. जे वाचक जळगावहून येणार असतील त्यांनी छत्री किंवा टोपी आणावी. उन्हे पश्चिमेकडून येतात आणि यजमानांच्या बाकामागची बाजूच तेवढी सावलीत असते. म्हणजे आई धुळ्याच्या बाजूला बसणार, हे नक्की झाले.

काल रात्री दुकान बंद करताना बंधूंनी शटर अर्धे ओढले आणि थांबले. मी गल्ल्याची किल्ली शोधत होतो. त्यांनी विचारले, "त्या दिवशी मोटारीत जागा किती आहे?" मी म्हटले, मागे एक आहे. त्यांनी शटर पूर्ण खाली ओढले, कुलूप लावले, ते दोनदा हिसकून पाहिले, आणि विचारले, "फ्री थ्रो म्हणजे नेमके काय, ते मला उद्या समजावून सांग."